टाके शिकायचे असतील तर एकच पट्टी भरायला घ्या

माझ्याकडे भरतकाम शिकायला येणाऱ्या बहुतेक जणींना पहिल्याच दिवशी उशीच्या अभ्र्यावर मोर काढायचा असतो. मी त्यांच्या हातात पांढऱ्या केसमेंटचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, तुकडा देते. त्यावर ओळीने टाके भरायचे, शेजारी टाक्याचं नाव लिहायचं आणि तो तुकडा कायम जपून ठेवायचा. ही पद्धत फार जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या बाईने भरलेली अशी पट्टी आहे. तिच्यावर 1598 हे साल आणि तिचं नाव धाग्यातच भरलेलं आहे. छापील नमुने दुर्मीळ होते तेव्हा बायका पाहिलेला टाका विसरू नये म्हणून कापडावर उतरवून ठेवत. आज मोबाइलवर हवा तो टाका दिसतो, पण दोरा किती ओढायचा हे हाताखालचं कापडच शिकवतं.

सुती केसमेंट किंवा जाडसर मांजरपाट साधारण 12 बाय 16 इंच घ्या. आधी धुऊन इस्त्री करा, कारण नवं सुती कापड आटतं. चारी कडा दुमडून घ्या. मग फिक्या पेन्सिलीने इंच-इंच अंतरावर आडव्या रेघा मारा. पाण्याने जाणारं निळं पेन वापरत असाल तर ती शाई धुऊन काढल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने ती पक्की बसते.

अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत दोरा कापा. त्याहून लांब घेतला की तो पिळतो आणि त्याची चमक जाते. पदर वेगळे करताना एका वेळी एकच, सरळ वर ओढायचा. बाकीचे पदर खाली गोळा होतात, ते हाताने सरळ करून मग दुसरा पदर काढायचा. दोन-तीन पदर एकदम ओढले की गुंता ठरलेला. या पट्टीला दोन किंवा तीन पदर आणि सात-आठ नंबरची सुई पुरते. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. भरतकामाच्या गोल रिंगमध्ये कापड ताठ बसवा, पण काम थांबवलं की काढून ठेवा, नाहीतर गोल वळ पडतो. सुरुवातीला गाठ मारू नका. दोन इंच शेपूट मागे ठेवा आणि नंतर टाक्यांखाली ओवून टाका.

पहिली ओळ धावदोऱ्याची. टाका आणि मोकळी जागा अगदी सारखी आली पाहिजे. ओळ संपली की उलट फिरा आणि त्याच भोकांतून मोकळ्या जागा भरत या. परतताना सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या बाजूने काढा आणि पुढच्या टाक्याच्या खालच्या बाजूने घाला, म्हणजे रेघ सरळ दिसते. कर्नाटकी कशिद्यातली गवंती ती हीच. माझ्या आत्याला धारवाडला दिलं होतं. तिच्या इरकलीच्या पदरावर गवंतीचे गोपूर होते, आणि पदर उलटा केला तरी नक्षी तीच. तिथे गाठ चालतच नाही. ही एक ओळ नीट जमली की हाताला मोजमापाची सवय लागते, म्हणून मी ती दोन-दोनदा भरून घेते.

दुसरी ओळ उलट्या टिपेची, म्हणजे दर टाक्याला मागे येऊन आधीच्या टाक्याला भिडायचं, ती सोपी आहे. तिसरी दांडी टाक्याची. डावीकडून उजवीकडे जायचं, एक टाका पुढे घालायचा आणि अर्धा मागे येऊन सुई काढायची. दोरा दर वेळी सुईच्या खालच्याच बाजूला हवा. मध्येच एकदा वर गेला की दोरीचा पीळ तिथे तुटलेला दिसतो. कापड उलटून बघा: मागे सरळ उलटी टीप दिसली तर टाका बरोबर आहे. सरळ ओळीखाली एक वेल काढा आणि वळणावर टाके लहान करा.

मग साखळी. या टाक्यापाशी थांबा, कारण पुढचे बरेच टाके हिच्या पोटातले आहेत. जिथून दोरा वर आला त्याच भोकात सुई घाला, पुढे काढा, दोरा सुईच्या टोकाखालून घ्या आणि फास कापडाला टेकेपर्यंतच ओढा. घट्ट ओढलात की साखळी काडीसारखी बारीक होते. कोपरा आला की फासाला बारीक टाका मारून तो बंद करा आणि नवी साखळी त्याच फासातून सुरू करा. एकच साखळी टोकाला बांधली की लेझी डेझीची पाकळी. फासाचं तोंड उघडं ठेवून सुई बाजूला घातली की पिसाचा टाका. तेच काठाकाठाने, टाके उभे ठेवून केलं की काजटाका. हे चारही टाके एकाखाली एक, एकाच रंगात भरा, म्हणजे नातं डोळ्याला दिसतं.

हेरिंगबोन, म्हणजे एकमेकांना छेदत जाणारे तिरके टाके, दोन रेघांमध्ये भरा. शेजारी ऑर्गंडीचा, म्हणजे पारदर्शक पातळ कापडाचा, छोटा तुकडा जोडून त्याच्या मागून तोच टाका दाट भरा. लखनौच्या चिकनकारीतल्या सावलीसारखा रंग पुढे झिरपेल.

मग एक पान काढा आणि ते भरीव टाक्याने, म्हणजे एकाला एक लागून टाके टाकून भरा. या टाक्याला एक किंवा दोन पदरच घ्या. आधी पानाच्या कडेने उलटी टीप घाला आणि टाके तिच्या बाहेरून टाका, म्हणजे कड फाटल्यासारखी दिसत नाही. सुरुवात पानाच्या मधोमध, तिरकी करा. मधून एका टोकाकडे जा, मग दुसऱ्या. टाका सेंटिमीटरपेक्षा लांब झाला की कापड वापरताना अडकतो.

शेवटी फ्रेंच नॉट, म्हणजे छोट्या गाठीचा टाका. सुईला दोन वेढे द्या, डाव्या हाताने दोरा ताणून धरा आणि सुई निघालेल्या भोकाला लागून, कापडाचा एखादा धागा सोडून घाला. त्याच भोकात घातली तर गाठ मागे निघून जाते. सुई पूर्ण खाली जाईपर्यंत ताण सोडायचा नाही.

प्रत्येक ओळीशेजारी एका पदराने टाक्याचं नाव आणि पदरांची संख्या लिहा. वाकडा आलेला टाका उसवू नका, खाली पुन्हा भरा. दोन्ही ओळी शेजारी असल्या की फरक कळतो. खालचा वीतभर भाग मोकळा सोडा, पुढे कुणाकडून नवा टाका शिकलात की तिथे येईल. धुताना गार पाणीच घ्या, लाल दोऱ्याचा रंग कधीकधी जातो. इस्त्री जाड टॉवेलवर पट्टी पालथी घालून मागूनच करा, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.