मासेमारीच्या छोट्या होडीची डागडुजी आणि नवी वायरिंग कशी करावी

भिगवणजवळ मामांची सोळा फुटी फायबरची होडी आहे. पहाटे जाळी काढायची आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आलेल्या पुणेकरांना फिरवायचं, अशी तिची दुहेरी नोकरी. गेल्या उन्हाळ्यात होडीत साठलेलं पाणी उपसणाऱ्या पंपासाठी त्यांचा फोन आला, "पंप फिरतोय, पण पाणी ओढत नाही. येताना नवी बॅटरी आण." मी बॅटरीऐवजी मल्टिमीटर नेला. पंप चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट दिसत होते आणि पंपापाशी १०.७. मधले १.६ व्होल्ट एका जॉइंटने खाल्ले होते. वरून टेप गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडलेलं.

होडीत वायर क्वचितच बिघडते, बिघडतो तो जोड. पुढचं सगळं काम हे डोक्यात ठेवूनच करायचं.

आधी तळ

मामांची होडी असते त्या उजनी धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी ६३ टीएमसी मृतसाठाच आहे. धरण उणेमध्ये गेलं तरी मासे आणि पाणी असतातच, त्यामुळे होडी वर घ्यायचा मुहूर्त कधी लागत नाही. तो एप्रिल-मेमध्ये ठरवूनच काढावा लागतो. होडी उलटी करून शेवाळ घासून काढा आणि तीन-चार दिवस कडक उन्हात वाळू द्या. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही.

चीर दिसली की वरून लुकण फासून मोकळं होऊ नका. चिरेच्या दोन्ही बाजूंना ग्राइंडरने लांब उतार काढा, तिथल्या जाडीच्या साधारण बारापट. मग काचतंतूंचं एकेक मॅट रेझिनने भिजवून, रोलरने हवा काढत थर चढवा. एक गोष्ट जिवावरची आहे: रेझिन आळवायला लागणारं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. पंखा काढून शाफ्टवर तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) गुंडाळलेला आहे का ते बघा. तो आतलं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ निघालं तर सील गेलंच समजा. इंजिन गंजू नये म्हणून त्याच्याऐवजी झिजायला लावलेला जस्ताचा तुकडा समुद्रात चालतो. धरणाच्या गोड्या पाण्यात त्यावर पापुद्रा धरतो आणि तो कामाचा राहत नाही. तिथे मॅग्नेशियमचा लावा.

जुनी वायरिंग काढताना

काढण्याआधी फोटो घ्या आणि कागदावर नकाशा काढा: बॅटरी, स्विच, पंप, दिवे, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते. मग सगळी वायरिंग काढून टाका. "ही अजून बरी आहे" म्हणून ठेवलेली एक वायरच पुढच्या वर्षी रडवते. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी.

वायर कुठली घ्यायची

घरातली १.५ स्क्वेअर एमएमची वायर बहुतेक जण वापरतात. पंप ५ अँपिअर ओढत असेल आणि बॅटरीपासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. या वायरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट जातात, म्हणजे १२ व्होल्टच्या पाच टक्के. पंप आणि दिव्यांसाठी तीन टक्क्यांच्या आत राहावं. ४ स्क्वेअर एमएममध्ये हीच घट पाव व्होल्टच्या आत येते. वायर बारीक तारांचीच हवी, एकसंध तार इंजिनाच्या थरथरीने तुटते.

बोटींसाठीची कथिलाचा मुलामा दिलेली वायर शोधत मी पुण्यातल्या तापकीर गल्लीत बराच फिरलो. शेवटी सोपा मार्ग सापडला: सोलार पॅनेलची डीसी केबल घ्या. तिचं तांबं मुलामा दिलेलंच असतं, वरचं आवरण दुहेरी असतं आणि उन्हाला टिकतं. लाल-काळ्या रंगात ४ आणि ६ स्क्वेअर एमएममध्ये मिळते.

जोडणी

बॅटरी झाकणाच्या पण हवा खेळणाऱ्या डब्यात, पट्ट्याने घट्ट आवळून ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून पेट्रोलची टाकी शेजारी नको. मामांचं इंजिन दोरीने सुरू होतं, त्यामुळे भार फक्त पंप आणि दिव्यांचा. मेन वायर ६ स्क्वेअर एमएम, त्यावर २० अँपिअरचा फ्यूज, आणि तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका आखूड तितकं बरं. पुढे मेन स्विच, मग प्रत्येक दिव्याला आपला फ्यूज.

पंप मात्र मेन स्विचच्या आधीच घ्यायचा, स्वतःच्या फ्यूजवर, फ्लोट स्विचसह (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा स्विच). फ्यूज किती अँपिअरचा ते पंपावर लिहिलेलं असतं. रात्री होडी काठाला बांधून, स्विच बंद करून तुम्ही घरी झोपलात, तरी पावसाचं पाणी त्याने उपसलं पाहिजे.

जोडांसाठी टेप विसरा. कथिलाचा डाग देणंही (सोल्डरिंग) टाळा, हे ऐकून आमचे जुने इलेक्ट्रिशियन चिडतात. कथिल तारांमध्ये झिरपून तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने त्याच कडेला तुटते. योग्य मापाचा लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा), चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबलेला, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आक्रसणारी हीट श्रिंक नळी. दाबल्यावर जोरात ओढून बघा. निसटला तर हातातच निसटू दे. प्रत्येक उपकरणाच्या अलीकडे वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत जाणार नाही. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

पुढे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि उंच काठीवर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा. सगळे एलईडी.

तपासणी

होडीत दहा बादल्या पाणी ओता. पंप आपणहून सुरू झाला पाहिजे आणि आपणहून बंदही. तो चालू असताना बॅटरीवर आणि पंपापाशी व्होल्ट मोजा. फरक ०.३६ व्होल्टच्या वर असेल तर एकेक जोड हाताने चाचपा, गरम लागेल तो दोषी. पाण्यात जाण्याआधी लाइफ जॅकेट माणशी एक मोजून घ्या. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले.

नकाशा लॅमिनेट करून बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मामांनी त्यावर गावातल्याच एका मोटार रिवाइंडिंगवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय. माझा का नाही विचारलं, तर म्हणाले, "तू पुण्याहून येईपर्यंत होडी तळाला गेलेली असेल."