वेबपेजचा कोड लिहिण्यासाठी साधा एडिटर निवडताना या चुका टाळा

सोलापुरात एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाचे वेबपेज करायला घेतले की मराठी मजकुराबरोबर पूर्व भागातील गिऱ्हाइकांसाठी तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांसाठी कन्नड ओळीही लागतात. नवशिक्या विद्यार्थ्यांना शिकवताना मला असे दिसते की त्यांच्या बहुतेक अडचणी कोडमध्ये नसून तो कोड ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिला त्या प्रोग्रॅममध्ये असतात. आपण टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी, स्वतःची कोणतीही भर न घालता जपून ठेवणे हे एडिटरचे पहिले काम आहे आणि निवड करताना हीच कसोटी लावावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वर्डमध्ये कोड लिहिणे. वर्डची फाइल हा साधा मजकूर नसतो. मजकुराबरोबर फॉन्ट, रंग, समास अशी पुष्कळ माहिती एका गाठोड्यात बांधलेली असते, त्यामुळे तिचे नाव बदलून शेवटी डॉट एचटीएमएल (वेबपेजच्या फाइलची खूण) लिहिले तरी तिचे वेबपेज होत नाही. वर्डमधून फक्त मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तरी धोका टळत नाही, कारण वर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी आपणहून वळणदार चिन्हे घालतो. ब्राउझर अशा वळणदार चिन्हांना चित्राच्या किंवा लिंकच्या पत्त्याचाच भाग समजतो, म्हणून चित्र दिसत नाही, लिंक उघडत नाही आणि विद्यार्थी तासभर चुकीच्या जागी चूक शोधत बसतो. मॅकवरील टेक्स्टएडिटही सुरुवातीला रिच टेक्स्टमध्येच, म्हणजे वर्डसारख्या सजवलेल्या मजकुरातच, उघडतो. त्याच्या फॉरमॅट मेनूतून साधा मजकूर निवडावा लागतो.

दुसरी चूक फाइलच्या नावाची आहे आणि ती लवकर सुटते. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ न निवडल्यास नावाच्या शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी जोडले जाते आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून नावांची ही शेपटे, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसू द्यावीत.

खरी काळजी एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीची, घ्यावी. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत सेव्ह करतो; त्याआधीचा नोटपॅड ती एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह करत असे, आणि जुने संगणक आपल्याकडे अजूनही वापरात आहेत. एएनएसआयमध्ये देवनागरी, तेलुगू किंवा कन्नड अक्षरांना जागाच नसते. नोटपॅड तशी सूचना देतो, पण ती न वाचता ओके दाबले तर अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात.

म्हणून पानावर काय दिसते ते नीट पाहावे. प्रश्नचिन्हे फाइलमध्येच उतरली असतील तर मूळ मजकूर गेला, तो पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही. टोपी-रेघांची विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील तर बहुधा मजकूर शाबूत आहे, फक्त ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. अशा वेळी कोडच्या हेड भागाच्या (पानाविषयीची माहिती देणाऱ्या वरच्या भागाच्या) अगदी सुरुवातीला मेटा टॅग या खुणेमध्ये यूटीएफ-८ असा उल्लेख करावा, कारण तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांतच असावा लागतो. रिकामे चौकोन दिसले तर त्या संगणकावर त्या लिपीचा फॉन्ट नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगला मजकूर पुसून पुन्हा टाइप करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वाया गेलेल्या श्रमांचे मला मनापासून वाईट वाटते.

छापखान्यातून आलेला मजकूर ही आणखी वेगळी बाब आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधील मराठी ही प्रत्यक्षात रोमन अक्षरेच असतात. ती कोणत्याही एडिटरमध्ये निरर्थक दिसणार. त्यासाठी आधी युनिकोड कन्व्हर्टर वापरावा.

विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस मला नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य वाटतो: तो मोफत आहे, जुन्या संगणकावरही हलका चालतो आणि फाइलचे एन्कोडिंग खालच्या पट्टीत सतत दाखवतो. त्याच्या एन्कोडिंग मेनूत मात्र एक खाचखळगा आहे. नुसते ‘यूटीएफ-८’ निवडल्यास आहेत तेच बाइट वेगळ्या पद्धतीने वाचले जातात. एएनएसआयमधील जुनी फाइल खरोखर बदलायची असेल तर ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ हा पर्याय घ्यावा लागतो. व्हीएस कोड हा एडिटर अधिक समर्थ आहे, पण कमी रॅमच्या संगणकावर तो जड जातो. शिवाय पहिल्या महिन्यात डझनभर एक्स्टेन्शन (इथे अर्थ जादा सोयींचे जोडप्रोग्रॅम) बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ॲटम आणि ब्रॅकेट्स या एडिटरांची शिफारस जुन्या लेखांत सापडते. ॲटमचे काम डिसेंबर २०२२ मध्ये थांबवण्यात आले आणि ॲडोबीने ब्रॅकेट्सचा आधार २०२१ मध्येच काढून घेतला, त्यामुळे आता त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

एडिटर ठरवण्यापूर्वी ‘चादर’ हा शब्द तिन्ही लिप्यांत लिहून फाइल सेव्ह करावी, एडिटर पूर्ण बंद करावा, आणि तीच फाइल ब्राउझरमध्ये तसेच दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.