आई गेल्यावर तिच्या आठवणी कशा जमवायच्या

सगळ्यात आधी, तिचा फोन फॉरमॅट करू नका. आमच्याकडे महिन्याभरात "पडूनच आहे ना" म्हणून तो साफ करून घरातच दुसऱ्याला दिला आणि तिचे सगळे व्हॉइस मेसेज गेले, माझ्या फोनमध्ये एकच उरला होता, ११ सेकंदांचा, त्यात ती विचारतेय छत्री घेतलीस का, मागे नळ चालू आहे आणि शेवटी "बरं ठेव" म्हणते. फोटो हजारभर निघाले, आवाज तेवढाच.

म्हणून फोन चार्ज करून ठेवा, नंबर लगेच बंद करू नका (ओटीपी त्यावरच येतात), आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट सहसा उडतं, गुगलचं २ वर्षं कुणी उघडलं नाही तर जाऊ शकतं. नातेवाइकांना पण विचारा, मावशीकडे किंवा तिच्या मैत्रिणीकडे तिचे मेसेज असतातच. जुनी कॅसेट सापडली तर वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडा, मग चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही.

कागदी फोटो ६०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक हवं त्याची सेटिंग) स्कॅन करा. मागे नाव, साल लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, बॉलपेनने लिहिलं की दाबाचे वळ पुढून दिसतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो, दात साफ करायचा दोरा मागून हळू सरकवत न्या. सगळ्याच्या ३ कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. झालं, टेक्निकल भाग एवढाच.

खरं अवघड काम माणसांना बोलतं करायचं. "आई कशी होती?" असं विचारलंत की सगळे श्रद्धांजलीच्या फलकावरचं सांगतात, प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, आणि त्यात तुमची आई कुठेच नसते. त्यापेक्षा विचारा चिडली की काय करायची, पैसे कुठे लपवायची, कुणाशी बोलणं टाकलं होतं, कशाला हसू आवरायचं नाही. माझी आई चिडली की कपाट आवरायला काढायची, आमचं कपाट फार नीट असायचं! हे लिहायला कुणी नको म्हटलं तरी लिहा, तिला देवी करून ठेवलंत तर नातवंडांना ती कळणारच नाही.

आणि वडिलांना वेगळं बसवा, सगळ्यांसमोर नाही. आपण आईबद्दल बोलत असतो, ते बायकोबद्दल, ती बाई आपण बघितलेलीच नाही. पण घाई नको, पहिल्या काही आठवड्यांत तर नाहीच, आणि रेकॉर्डर चालू करायच्या आधी सांगा, लपवून करू नका. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाबा "चांगली होती गं" म्हणाले आणि पेपर उघडला. मग दोन महिन्यांनी एक फोटो नुसता हातात दिला, लग्नानंतरचा, ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतेय, आणि विचारलं हा काढला कुणी. तर म्हणे मीच, तासभर उशिरा पोचलो होतो म्हणून बघत नाहीये. पुढे ४० मिनिटं बोलत होते. मध्येच बोलून गेले की लग्नाआधी पत्रात तिला वेगळ्याच नावाने लिहायचे. कुठल्या नावाने विचारलं तर नुसतेच हसले, सांगितलं नाही. मी वहीत नावाच्या जागी रेघ मारून ठेवलीय.