कोळंबीच्या तळ्यातलं गडद हिरवं पाणी असं निवळलं

गोड्या पाण्यातल्या कोळंबीचं तळं पार हिरवंगार झालं होतं. सेक्की तबकडी, म्हणजे पाणी किती निवळ आहे हे बघायला पाण्यात सोडायची चकती, 20 सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी व्हायची. पहाटे कोळंबी काठाला येऊन चिकटायची, म्हणजे रात्रभरात शेवाळानं प्राणवायू ओढलेला. कोळंबी तळाशी चरते, वर तरंगणाऱ्या प्लवकांना, म्हणजे सूक्ष्म शेवाळाला नि जीवांना, ती तोंड लावत नाही. म्हणून थोडे सिल्व्हर कार्प मासे सोडले. ते कल्ल्यांच्या चाळणीनं पाणी गाळून प्लवक खातात. खाद्य कमी केलं, रात्री पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू ठेवला. हळूहळू तबकडी 30 ते 40 सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली. मासे मात्र बेतानंच सोडा. फार झाले की शेवाळ खाणारे प्राणी प्लवकही फस्त होतात, आणि चाळणीतून निसटणारं बारीक शेवाळ उलट फोफावतं. मृगळ मासा मी टाळलाच, तो तळाशी कोळंबीच्याच खाद्यावर येतो.