एका फेरीत एकच अडकित्ता

पुण्यात पाहुणे आले की त्यांना केळकर संग्रहालयात न्यायचं, तासाभरात सगळी दालनं उरकायची आणि भेळ खायला बाहेर पडायचं. वर्षानुवर्षं मीही हेच केलं. वीस हजारांवर वस्तू. पायांचे तुकडे पडतात आणि लक्षात राहतो तेवढा मस्तानी महाल. हल्ली मी एकटी जाते आणि एकच वस्तू बघून परत येते.

आधी पोटात काहीतरी घालून जा. भुकेल्या माणसाला शेवयांचा साचा दिसला की शेवयाच दिसतात. मग न थांबता एक चक्कर मारा. दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, सगळं नुसतं डोळ्यांखालून घाला. जिथे पाय रेंगाळतील ती त्या दिवशीची आपली वस्तू. ती मौल्यवान आहे का, याची चौकशी करत बसू नका.

माझे पाय अडले अडकित्त्यांपाशी. सुपारी फोडायचं साधं हत्यार, पण घडवणाऱ्याने त्याचे पक्षी केलेत, माणसं केलीत. एका जोडीत स्त्री एका दांडीवर, पुरुष दुसऱ्या. म्हणजे सुपारी कातरताना दरवेळी दोघं जवळ येत असणार! हे सुचलं आणि मी एकटीच हसले. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

एका वस्तूपुढे पंधरा मिनिटं उभं राहा. पहिली पाच कंटाळ्याची जातात, जाऊ द्या. मग हळूहळू प्रश्न पडू लागतात. बोटं कुठे बसत असतील? धार कुठल्या बाजूला? हा डाव्या हाताने चालवता येईल का? फोटो नको, चित्र काढा. माझा मोर वांग्यासारखा झाला, पण त्याची मान कुठे वळते ते आता मला पाठ आहे.

हे सगळं जमवणारे दिनकर केळकर चष्म्याच्या धंद्यातले, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दारावरची पाटी मी आता जरा थांबून वाचते.

शेवटची पायरी घरी. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातली एक जुनी वस्तू काढून तिच्यासमोर बसा. मी आजीचा अडकित्ता काढला, पितळी दांड्यांचा, पोपटाच्या आकाराचा. लहानपणापासून हाताळलेला. चिंचेने घासून दिव्याखाली धरला, तेव्हा कळलं की ज्याला मी पोपटाचा डोळा समजत होते, ते दोन्ही दांड्या जोडणाऱ्या खिळ्याचं डोकं आहे. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, “अगं, मग सुपारी आण की.”