मधुमेहाचा धोका आपल्या मापाने कसा मोजायचा

उंची १५० सेंटिमीटर, वजन ५० किलो. विडीच्या सुपापुढे दिवसभर बसणाऱ्या एखाद्या बाईचं वजन असं भरलं की घरचे म्हणतात, ‘हिला कसली शुगर होतेय?’ हा हिशेब युरोपातल्या शरीरांवर बेतलेला आहे. त्या मापाने बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, या बाईचा २२.२) २५ पर्यंत सगळं ठीक असतं. भारतीयांसाठी धोक्याची रेघ २३ वर आहे आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे साधारण ६२.५ किलो, २५ म्हणजे ६८ किलो. घरात मराठी बोलत असाल, तेलुगू किंवा कन्नड, रेघ हीच.

कारण असं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात आणि यकृतात साठणारी. त्यामुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि स्वादुपिंड लवकर थकतं.

मात्र याला ‘रक्तातच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पिमा आदिवासींचे दोन गट आहेत, रक्ताने जवळचे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्यांत मधुमेह ३८ टक्के, तर मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्यांत ६.९ टक्के आढळला. अमेरिकेतच काळ्या आणि गोऱ्या तरुणांना ३० वर्षं तपासत राहिल्यावर काळ्यांत मधुमेह जास्त निघाला. पण वजन, रक्तदाब, शिक्षण, उत्पन्न, वस्ती हे सगळं हिशेबात धरल्यावर तो फरक जवळजवळ उरला नाही. वंशाच्या नावावर आपण जे टाकतो, त्यातलं बरंचसं गर्भातलं पोषण, बैठं काम, स्वस्त अन्न आणि उशिरा होणारी तपासणी यांचं असतं. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, साउदम्पटनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणून गरोदरपणातली शुगरची तपासणी चुकवू नका.

आता टेप घ्या. शिंप्याची, न ताणलेली. जुनी कापडी टेप खोटं बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. पोट आत ओढू नका. सगळ्यात मोठी चूक पँटच्या नंबरावर विसंबण्याची: पँट पोटाखाली बांधलेली असते, म्हणून ३४ नंबरवाल्याचा घेर ३८ इंच निघू शकतो. बायकांनी परकराच्या नाडीवर टेप लावू नये.

मग गुण मांडा.

वय ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, पुढे ३०.
घेर: बाई ८० च्या आत, पुरुष ९० सेंटिमीटरच्या आत ०, बाई ८०–८९, पुरुष ९०–९९ असेल तर १०, त्यापुढे २०.
नियमित व्यायाम आणि अंगमेहनत दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह १०, दोघांना २०.

६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. वरची बाई ४२ वर्षांची, घेर ८६, बैठं काम, आईला शुगर, असं धरा: २०, १०, ३०, १० मिळून ७०. वजनकाटा तिला पास करतो, टेप करत नाही. यंत्रमागावर पाळीभर उभं राहणं अंगमेहनतीत धरू नका. घाम तर शेडमध्ये नुसतं बसूनही येतो. खूण धरायची ती वाढलेल्या श्वासाची.

६० किंवा जास्त गुण असतील तर रक्त तपासा. फक्त उपाशीपोटीची शुगर पुरत नाही, कारण आपल्यापैकी अनेकांची ती ठीक असते आणि खाल्ल्यानंतरची चढलेली असते. ८ तास उपाशी राहून पहिला नमुना, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून ५ मिनिटांत प्यायचं, २ तासांनी दुसरा. मधल्या वेळात फिरायचं नाही, विडी-सिगारेट नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा २ तासांनी १४० ते १९९ ही काठावरची पातळी. उपाशीपोटी १२६ किंवा २ तासांनी २०० पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री करूनच नाव द्यावं. आधीचे तीन दिवस भाकरी-भात तोडू नका, आकडा खोटा चढतो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक भानगड. नळीत पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि उन्हात हे जोरात चालतं. शिबिरात घेतलेला नमुना दुपारी लॅबला पोचला तर शुगर खरी असते त्यापेक्षा कमी येते. राखाडी टोपणाची नळी (तिच्यातलं रसायन हे साखर खाणं मंदावतं) आहे का आणि नमुना कधी तपासणार, हे विचारा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) करणार असाल तर सोबत हिमोग्लोबिनही करा. लोह कमी असलं की हा आकडा उगाच वर जातो, आणि आपल्याकडच्या बायकांत हे नेहमीचं.

काठावर असाल तर वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत याने नवा मधुमेह ५८ टक्क्यांनी घटला, आणि काळे, गोरे, आशियाई, सगळ्यांत सारखाच. सिद्धेश्वर तलावाकाठी जायचं तर ऊन चढण्याआधी. चालण्याइतकंच स्नायू वाढवणंही आपल्याला गरजेचं: दोन दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता १०–१० च्या तीन फेऱ्या उठबस. विड्या वळताना अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं चाला.

ज्वारीची भाकरी चांगलीच, पण मोजून. ६५ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात. कडक भाकरी पातळ आणि कुरकुरीत, आमटीत चुरताना किती गेल्या कळत नाही. ताटात आधीच मोजून घ्या.