गोळी टाकलेलं धान्य आणि झोपणारी माणसं एका छपराखाली नकोत

मळणी उरकली, धान्य घरात आलं आणि पाऊस तोंडावर आहे. सोंडे-भुंगेरे वाढण्याचे हेच दिवस, आणि अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीने घरंच्या घरं दवाखान्यात जाण्याचेही हेच. चूक दरवर्षी तीच होते. गोळी पोत्यात, पोती आतल्या खोलीत आणि भिंतीपलीकडे लेकरं झोपलेली. पेरणीचा सल्ला एक वेळ वाचला नाहीत तरी चालेल, हा मात्र घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

ही गोळी स्वतः किडे मारत नाही. तिला हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो आणि तो किडे मारतो. माणसालाही तोच मारतो. हवा जितकी दमट आणि उबदार, तितका वायू वेगाने सुटतो. हवेपेक्षा थोडा जड असलेला हा वायू दाराखालून, फटींतून, पत्र्याच्या सांध्यांतून शेजारच्या खोलीत जातो. कामगारांसाठी धरलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग एवढीच आहे. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण तो त्यात मिसळलेल्या इतर घटकांचा असतो. शुद्ध फॉस्फीनला वास नाही. ‘वास गेला, आता झोपा’ हे कोणीही सांगितलं तरी ऐकू नका.

अमेरिकेतल्या दोन घटना सांगतो. २०१० साली युटा राज्यातल्या लेटन गावी उंदरांच्या बिळांसाठी घराजवळच्या जमिनीत गोळ्या टाकल्या. वायू घरात शिरला आणि दोन लहान बहिणी गेल्या. २०१७ साली टेक्सासमधल्या अॅमरिलोत घराखाली टाकलेलं औषध धुऊन काढायला पाणी मारलं, त्यातून वायू उसळला आणि एकाच घरातली चार मुलं गेली. म्हणून गोळी विरून उरलेल्या राखेवर पाणी ओतू नका. वरून राख दिसली तरी आत न विरलेलं औषध असू शकतं. ती बंद डब्यातही भरू नका, वायू साठून पेट घेतो.

भारतात १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. हे औषध सरकारी यंत्रणा किंवा कीडनियंत्रण करणाऱ्यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचं असतं. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देणारा विक्रेता तुमचं धान्य वाचवत नसतो, आपला माल खपवत असतो. किती गोळ्या टाकायच्या ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक घरीच टाकतात. धुरी द्यायचीच असेल तर वस्तीपासून लांबच्या गोदामात, जाणकार माणसाकडून. किती दिवस झाकून ठेवायचं ते लेबलवर तापमानाप्रमाणे दिलेलं असतं, गारठ्यात जास्त दिवस लागतात. उघडल्यावर आत जाण्याआधी वायू मोजून घ्यायला सांगा.

खरं तर घरच्या साठ्याला बहुतेक वेळा गोळी लागतच नाही:

– धान्य कडक उन्हात वाळवणे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत
– कोठी, पोती झटकून उन्हात तापवणे
– जुनं आणि नवं धान्य वेगळं
– पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब
– हवाबंद पिशवीत भरणे. आतला प्राणवायू संपला की किडे आपोआप मरतात
– दर पंधरवड्याला हात घालून पाहणे

ओलावा मापक नसेल तर दाणा दाताखाली धरा. कटकन फुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन द्या. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घातलेल्या कोठ्यांत कीड कमी लागलेली मी पाहिली आहे. हा माझा अंदाज आहे, शिफारस नव्हे; पण त्याने कोणाचा जीव जात नाही.

आता विषबाधा झालीच तर. डोकेदुखी, मळमळ, उलटी, छातीत जळजळ, धाप, अस्वस्थपणा. घरातल्या दोघा-तिघांना एकदम उलट्या सुरू झाल्या आणि घरात धान्याला गोळी लावलेली असेल, तर जेवण बाधलं समजून घरगुती उपाय करत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. बंद खोलीत बिनासाधनांचं धावत शिरू नका, वाचवणाराही पडतो. गोळी पोटात गेली असेल तर पाणी, दूध, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, ओकारी काढू नका. तोंडाने श्वास देऊ नका. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, वेष्टनाचा फोटो घ्या आणि थेट अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात न्या.

या विषाला उतारा नाही. फॉस्फीन पेशींची प्राणवायू वापरण्याची ताकदच बंद पाडतो; रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तात आम्ल वाढतं. डॉक्टर सलाईन, रक्तदाब वाढवणारी औषधं, प्राणवायू देतात. काही ठिकाणी मॅग्नेशियम सल्फेट देतात, पण त्याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. मोठ्या रुग्णालयांत हृदय-फुप्फुसांचं काम काही काळ यंत्रावर घेतात आणि त्याने काही अत्यवस्थ रुग्ण वाचले आहेत. पेशंट अनेकदा शुद्धीवर राहून शेवटपर्यंत बोलतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं बरं आहे. तो बोलतोय म्हणून घरी आणू नका. पहिले २४ तास सर्वांत धोक्याचे, आणि फुप्फुसात पाणी होणं ७२ तासांपर्यंतही उशिरा दिसू शकतं.

घरात एक गोळीही शिल्लक ठेवू नका. कर्जाने, भांडणाने खचलेलं माणूस घरात असेल तर आजच, ती गोळी घराबाहेर न्यायला त्या औषधाच्या जाणकार माणसालाच बोलवा. खचलेल्या माणसाजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस चालू असतो.